स्कूटर आली, पासिंग अडलं

दहा वर्षांची एक स्कूटर डोळ्यांसमोर आणा. इटलीत बनलेली, तिथल्याच रस्त्यांवर रोज चाललेली, एका मालकाच्या हातची, बटण दाबताच सुरू होणारी. आता तिला देश बदलायचाय. अमेरिकेत न्यायची म्हटली, तर तिथल्या बाजारासाठी न बनलेल्या गाडीला तिथला नियम सांगतो की ही अजून कोवळी आहे, पंचवीस वर्षं पुरी होऊ द्या. कॅनडा जरा उदार, तिथे पंधरा वर्षं पुरतात. भारतात आणायची म्हटली तर सगळंच उलटं. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, म्हणजे ही म्हातारी ठरली. एका देशाला ती वयाने कमी पडते, दुसऱ्याला जास्त होते आणि बिचारीचं वय काही बदललेलं नसतं.

परदेशी स्कूटर मागवणाऱ्यांची फसगत अशाच ठिकाणी होते. विकणाऱ्याची किंमत दिसते, जहाजाचं भाडं कळतं, कस्टम्स ड्युटीचा अंदाज काढता येतो. बेरीज खिशाला परवडली की माणूस पैसे पाठवून मोकळा होतो. मग खोका येतो, खिळे उपटले जातात, स्कूटर पहिल्या झटक्यात सुरूही होते. आणि नोंदणीच्या खिडकीवर उत्तर मिळतं, ‘हिचं पासिंग होणार नाही.’ का होणार नाही, हे सांगायला खिडकीमागच्या माणसाला सहसा वेळ नसतो. ते इथे बघू.

## खिडकी एक नाही, तीन आहेत

‘रजिस्ट्रेशन’ हा शब्द ऐकला की आपल्याला एकच काम वाटतं. प्रत्यक्षात बाहेरून आलेल्या गाडीला तीन वेगळे प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारणारी खाती बहुतेक देशांत वेगवेगळी असतात.

पहिला प्रश्न कस्टम्सचा: माल देशात आला, त्याचा कर भरला का? दुसरा वाहनांचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या खात्याचा: ही वस्तू इथल्या रस्त्यावर उतरवण्याजोगी आहे का? तिसरा नोंदणी अधिकाऱ्याचा: कागदावरची गाडी हीच का, आणि ती तुमचीच का?

परगावच्या शाळेतून आलेल्या मुलाचं उदाहरण घ्या. फी भरली म्हणून वर्गात बसता येत नाही. आधीचं शिक्षण इथल्या कुठल्या इयत्तेच्या बरोबरीचं हे ठरावं लागतं, आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो, ज्यावरचं नाव आणि जन्मतारीख समोरच्या मुलाशी जुळली पाहिजे. मुलगा हुशार असेलही. दाखल्यावर तो रकाना नसतो.

स्कूटरच्या बाबतीत लोक पहिल्या खिडकीची तयारी जोरात करतात, कारण तिथे पैसे जाणार हे आधीच ठाऊक असतं. अडतं दुसरीवर आणि तिसरीवर.

## ‘पण तिथे तर रोज रस्त्यावर धावत होती!’

धावत होती, आणि कायदेशीरच धावत होती. पण तिला मान्यता दिली होती ती त्या देशाने.

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल: होमोलोगेशन. एखादं मॉडेल त्या त्या देशाच्या तांत्रिक नियमांत बसतं की नाही, हे तपासून दिलेली अधिकृत मान्यता. यापुढे मी नुसतं ‘मान्यता’ म्हणेन.

मान्यता देण्याच्या जगात दोन मोठ्या रीती आहेत. युरोपची रीत परीक्षकाची. कंपनी नमुना घेऊन सरकारमान्य संस्थेकडे जाते, तिथे ब्रेक, दिवे, आवाज, धूर सगळं तपासलं जातं आणि मग त्या मॉडेलला मंजुरी मिळते. युरोपीय संघात दुचाकी-तिचाकींसाठी हे काम २०१३ चा १६८ क्रमांकाचा नियम करतो. अमेरिकेची रीत स्वयंघोषणेची. १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यापासून तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते की आमची गाडी सगळ्या मानकांत बसते, आणि तसं लेबल गाडीवर लावते. सरकार आधी परीक्षा घेत नाही. नंतर कुठूनही गाडी उचलून तपासतं, आणि खोटं निघालं तर कंपनीच्या मागे लागतं.

हा फरक स्कूटरच्या अंगावर वाचता येतो. हेडलाइटच्या काचेवर नीट बघा. वर्तुळात इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि शेजारी आकडा असेल, तर तो भाग संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारानुसार मंजूर झालेला आहे. आकडा देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ४३ जपान. गंमत अशी की हा आकडा भाग कुठे बनला ते सांगत नाही, मंजुरी कोणी दिली ते सांगतो. चीनमध्ये बनलेल्या दिव्यावर नेदरलँड्सचा ४ असू शकतो. अमेरिकी दिव्यावर मात्र ‘डीओटी’ ही तीन अक्षरं दिसतील, आणि ती कंपनीने स्वतःच उमटवलेली असतात. एक परीक्षेतले गुण, दुसरं स्वतः सही केलेलं घोषणापत्र. दोन्ही आपापल्या जागी खरी, पण एका खिडकीचा कागद दुसरीवर चालत नाही. १९५८ च्या करारात अमेरिका नाही, भारतही नाही. हे दोघे १९९८ च्या वेगळ्या करारात आहेत. त्यात नियम एकसारखे करण्याचा प्रयत्न होतो, पण एकमेकांच्या मंजुऱ्या आपोआप मान्य करण्याचं बंधन नसतं.

## नियम वेगळे असायला कारण काय? स्कूटर ती स्कूटर

मलाही हे आधी नुसतं खुसपट वाटायचं. मग ब्रेकची गोष्ट वाचली.

ऑटोमॅटिक स्कूटरला क्लच नसतो, म्हणून डाव्या हाताचा दांडा मोकळा राहतो आणि मागचा ब्रेक तिथे येतो. जगभर हेच चालतं. अमेरिकेच्या दुचाकी नियमात मात्र मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असं लिहिलेलं होतं, कारण नियम मोटरसायकल डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता. पाच हॉर्सपॉवरपर्यंतच्या छोट्या गाड्यांना सूट होती, पण त्याहून ताकदवान स्कूटर विकायची तर कंपन्यांना तात्पुरत्या सवलतीसाठी अर्ज करावे लागत. २००५ मध्ये नियम बदलला आणि क्लच नसलेल्या स्कूटरला डाव्या हाताचा मागचा ब्रेक रीतसर मिळाला. नियमामागचा विचार खुळा नव्हता. संकटाच्या क्षणी माणसाचा हात-पाय सवयीने पडतो, म्हणून सगळ्या गाड्यांवर ब्रेक एकाच जागी असावा. फक्त सवयच दोन प्रकारची असते, हे त्या नियमाला उशिरा कळलं.

हेडलाइटचंही तसंच. डिपरचा झोत काही दिव्यांत एका बाजूला मुद्दाम वर उचललेला असतो, म्हणजे रस्त्याच्या कडेचा पादचारी दिसावा आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत. उजवीकडून चालणाऱ्या देशाचा असा दिवा डावीकडून चालणाऱ्या देशात आणला की झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. म्हणून भारताच्या जुन्या गाड्यांच्या आयात नियमात दिव्याचा झोत डावीकडच्या वाहतुकीला साजेसा हवा आणि स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, असं स्पष्ट लिहिलंय. बऱ्याच स्कूटरचा झोत दोन्हीकडे सारखाच असतो, त्यांची यातून सुटका होते. तुमच्या स्कूटरचा कुठला, हे मागवण्याआधी बघायचं.

काही अटी त्या देशाच्या रस्त्यावरच्या माणसांकडे बघून येतात. भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा, आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं कवच. साडी, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून. युरोपातून थेट उचललेल्या स्कूटरला हे कवच नसण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत अंगावर बाजूने रिफ्लेक्टर लागतात, पुढे पिवळसर आणि मागे लाल.

## ‘मग लागेल ते बदलून घेतो की’

दिवा बदलणं, मूठ बसवणं, स्पीडोमीटरची तबकडी बदलणं, हे दुपारचं काम आहे. अडचण भागांची कमी, पुराव्याची जास्त.

मान्यता दोन प्रकारे मिळते, साच्याला किंवा नगाला. कंपनी मॉडेलची मंजुरी घेते तेव्हा साचा तपासला जातो, आणि त्यातून निघालेला लाखावा नगही परीक्षा न देता पास असतो. युरोपात अशा प्रत्येक नगासोबत एक अनुरूपता प्रमाणपत्र निघतं. हा नग मंजूर साच्यातलाच, असं त्यात कंपनी लिहून देते. तुम्ही आणलेल्या स्कूटरचं मॉडेल ज्या देशात नेताय तिथे मंजूर असेल, आणि हे प्रमाणपत्र हाती असेल, तर तुमचं निम्म्याहून अधिक काम झालं.

मॉडेल तिथे कधी विकलंच गेलं नसेल, तर तुमची एकटी स्कूटर परीक्षेला बसते. ब्रिटनमध्ये एकेका दुचाकीची तपासणी करून मंजुरी देण्याची वेगळी योजना आहे, जर्मनीतही मान्यताप्राप्त तपासनीस एकट्या गाडीचा अहवाल देऊ शकतो. ज्या देशात अशी खिडकी आहे तिथल्या हौशी माणसाने नशीब समजावं. भारतात नियम १२६ प्रमाणे मॉडेलचा नमुना एआरएआयसारख्या संस्थांकडे तपासायला जातो. ही व्यवस्था उत्पादक आणि आयातदार कंपन्यांना समोर ठेवून बांधलेली आहे. त्या चाचण्यांचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला तर जाणवत नाही. एकाच स्कूटरवर पडला तर स्कूटरच त्या खर्चाची भेटवस्तू वाटायला लागते.

कंपनीला पत्र पाठवून ‘ही गाडी या देशाच्या मानकांत बसते’ असं लिहून मागणं हा मधला मार्ग. युरोपसाठी बनलेल्या गाडीचं हरवलेलं प्रमाणपत्र कंपन्या शुल्क घेऊन पुन्हा देतात. दुसऱ्या खंडासाठी बनलेल्या गाडीचं मात्र देत नाहीत. देणार कसं? ती कधी तपासलेलीच नसते.

## धूर

दिवे-ब्रेक हाताने बदलता येतात, इंजिनाचा स्वभाव नाही. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा आवाज आणि वास ज्यांना प्रिय आहे त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

टू-स्ट्रोक इंजिनात ताजं मिश्रण आत येतं त्याच वेळी जळलेला वायू बाहेर जात असतो. दोन्ही दारं एकदम उघडी. साहजिकच पेट्रोल आणि ऑइलचं थोडं मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. कार्ब्युरेटर कितीही मन लावून लावा, ही रचनेतली गळती आहे. युरोपने युरो ५ ही पातळी दुचाकींच्या नव्या मॉडेलना २०२० पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या दुचाकींना २०२१ पासून लागू केली. भारतात बीएस ६ एप्रिल २०२० मध्ये आलं. त्या पातळीला पोचायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि संगणकावर चालणारं इंधन इंजेक्शन लागतं.

म्हणून दुसऱ्या खिडकीवर धुराच्या बाबतीत दोनच गोष्टी चालतात. गाडी मुळात त्या पातळीसाठी बनलेली असावी आणि तसा कागद असावा, किंवा ती इतकी जुनी असावी की तिला ती पातळी लागूच होत नाही. रस्त्यावर पीयूसी काढतो तशी साधी चाचणी इथे पुरत नाही. ती इंजिन नीट राखलंय का एवढंच बघते. मान्यतेची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आलेखाबरहुकूम गाडी पळवून होते.

## चेसिस नंबर: सगळ्यांत लहान भाग, सगळ्यांत मोठी भानगड

तिसऱ्या खिडकीवर गाडीची ओळख पटवतात, आणि ओळख म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला नंबर. बाकी इंजिन, रंग, चाकं, सीट, सगळं बदललं तरी गाडी तीच राहते. हा नंबर बदलला की गाडी बदलली.

आजकालच्या गाड्यांवर सतरा अक्षर-आकड्यांचा वाहन ओळख क्रमांक असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. पहिल्या अक्षरावरून बनवणाऱ्या कंपनीचा प्रदेश कळतो: जे जपान, एल चीन, झेड इटली. कागदावर ‘इटालियन’ म्हणून विकली जाणारी स्कूटर एलने सुरू होत असेल, तर तिथेच सावध व्हावं. त्यात गैर काही नाही, पण मग तिची मान्यता आणि किंमत दोन्ही त्या नजरेने बघावी लागतात.

इथे एक बारीक खोच आहे. उत्तर अमेरिकेत या क्रमांकाची नववी जागा ‘ताळा’ म्हणून राखलेली असते. बाकीच्या सोळा जागांवरून ठरलेलं गणित केलं की नवव्या जागेचा आकडा यायला हवा. युरोपात हा ताळा सक्तीचा नाही. त्यामुळे युरोपच्या अगदी खऱ्या स्कूटरचा क्रमांक अमेरिकी संगणकात टाकला की ‘चुकीचा क्रमांक’ असं उत्तर येऊ शकतं. माणूस घाबरतो, विकणाऱ्यावर संशय घेतो, आणि दोघांचीही चूक नसते. क्रमांक परदेशी आहे हे नोंद घेणाऱ्याला समजावून हाताने नोंद करून घ्यावी लागते.

अमेरिकेने सतरा अक्षरांची सक्ती १९८१ पासूनच्या मॉडेलना केली. त्याआधीच्या स्कूटरवर कंपनीच्या आपापल्या रीतीचा छोटा नंबर असतो, पुढे मॉडेलची अक्षरं आणि मागे अनुक्रमांक. तोच ग्राह्य धरायचा. संगणक सतरा मागतो म्हणून पुढे शून्यं जोडून देणारे महाभाग असतात, त्यांच्यापासून लांब राहा. पुढे विकताना किंवा चोरीची तक्रार देताना ती शून्यं मानगुटीवर बसतात.

आणि आता जुन्या स्कूटरांचं खरं दुखणं. आग्नेय आशियातून ‘पूर्ण रिस्टोअर केलेल्या’ साठ-सत्तरच्या दशकातल्या चकचकीत स्कूटर वर्षानुवर्षं जगभर जातायत. त्यांतल्या काही उत्तम असतात. काही मात्र दोन-तीन मोडक्या सांगाड्यांचे तुकडे जोडून, वर पुट्टी आणि रंग चढवून उभ्या केलेल्या. अशा स्कूटरवर नंबरची पट्टी एका सांगाड्यातून कापून दुसऱ्यात जोडलेली निघते. तपासनीस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतो, छाप घेतो, आणि अक्षरांच्या कडेला वेल्डिंगचा उंचवटा हाताला लागला की तिथेच काम थांबतं. छेडछाड केलेला नंबर म्हणजे चोरीचा संशय. मग प्रश्न पासिंगचा राहत नाही, स्कूटर जप्त होण्याचा होतो. तुम्ही ती भोळेपणाने घेतली होती, हे सिद्ध करून स्कूटर परत मिळत नाही.

## ‘ड्युटी भरली, पावती आहे’

पावती जपून ठेवा, तिसऱ्या खिडकीवर लागते. पण तिने दुसरी खिडकी उघडत नाही.

कराचं गणित थोडक्यात असं. जागतिक वर्गवारीत मोटरसायकल, मोपेड, स्कूटर सगळे ८७११ या शीर्षकाखाली येतात, आणि इलेक्ट्रिकला त्यात वेगळा उपक्रमांक आहे. पुष्कळ देशांत कर स्कूटरच्या नुसत्या किमतीवर नसतो. किंमत, जहाजभाडं आणि विमा यांची बेरीज करून त्यावर ड्युटी, आणि ड्युटीसकट आलेल्या रकमेवर पुन्हा विक्रीकर किंवा व्हॅट. बक्षीस म्हणून मिळाली असली तरी मूल्य लावलंच जातं.

एक सवलत बऱ्याच देशांत असते, कायमचं घर हलवणाऱ्यांसाठी. युरोपीय संघात बाहेरून राहायला येणाऱ्याला स्वतःची गाडी करमुक्त आणता येते, पण किमान बारा महिने बाहेर राहिलेला आणि गाडी किमान सहा महिने स्वतः वापरलेला असावा लागतो. कर माफ झाला म्हणजे तांत्रिक मान्यताही माफ झाली असं नाही. नेमकी इथेच पुष्कळांची समजूत घसरते.

या खिडकीवरचा एक कागद मात्र पुढचा रस्ता कायमचा बंद करू शकतो. काही विक्रेते स्कूटर ‘रस्त्याबाहेरच्या वापरासाठी’ किंवा ‘सुटे भाग’ म्हणून जाहीर करून पाठवतात, म्हणजे आयातीच्या वेळी कटकट कमी. अमेरिकेत आयातदाराला एचएस-७ हा फॉर्म भरावा लागतो, आणि गाडी कुठल्या कारणाने आत येतेय त्याची खूण तिथे स्वतःच्या सहीने करायची असते. शेतात चालवायची म्हणून आणलेली गाडी उद्या रस्त्याची म्हणून नोंदवायला गेलात, तर तुमच्याच सहीचा कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

## ‘जुनी आहे, अँटिक आहे, सूट असेलच’

असते, पण ‘जुनी’ या शब्दाचे निदान तीन अर्थ आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की पैसे बुडतात.

एक, आयातीची सूट. अमेरिकेत पंचवीस वर्षांनी सुरक्षा मानकांतून मोकळीक मिळते, धुराच्या नियमांतून एकवीस वर्षांनी, पण त्यासाठी इंजिन मूळ स्वरूपात हवं. पंचवीस वर्षं मोजायची ती बनल्याच्या तारखेपासून. पहिल्यांदा विकल्याची तारीख किंवा मॉडेलचं वर्ष चालत नाही. ऑस्ट्रेलियातही जुन्या गाड्यांसाठी पंचवीस वर्षांची वाट आहे.

दोन, ऐतिहासिक वाहनाचा दर्जा. जर्मनीत तीस वर्षांच्या, नीट राखलेल्या गाडीला प्लेटवर शेवटी एच अक्षर मिळतं. भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकींना ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येतं, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कामांसाठी रस्त्यावर आणायची. रोज ऑफिसला जायला नाही.

तीन, नुसतीच वापरलेली. हिला कुठे सूट नाही, आणि दहा वर्षांची स्कूटर नेमकी इथे बसते.

जुन्या गाडीला एक अडथळा असा असतो जो कोणाच्या ध्यानीमनी नसतो. पूर्वी ब्रेक शू, क्लच प्लेट आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरायचे. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे आणि ती आयातीलाही लागू होते. म्हणजे सगळ्या वयोमर्यादा पार केलेली देखणी साठीतली स्कूटर ब्रेक शूपायी बंदरात अडकू शकते. जहाजावर चढवण्याआधी ते भाग काढून नवे बसवायचे आणि त्याचे फोटो, बिलं सोबत ठेवायची. तिथे पोचल्यावर तपासणीचा, काढण्याचा आणि रोज बंदरात पडून राहण्याचा खर्च आपलाच.

## परदेशी प्लेटवरच फिरवली तर?

प्रवासी म्हणून फिरवता येते. १९४९ आणि १९६८ च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक करारांत परदेशी नोंदणीच्या वाहनाला तात्पुरतं येऊ देण्याची तरतूद आहे, आणि बऱ्याच देशांत त्यासाठी कार्ने नावाची पुस्तिका लागते. ती म्हणजे गाडीचा पासपोर्टच. गाडी परत नेईन, न नेल्यास ड्युटी भरली जाईल, अशी हमी त्यात असते. आत येताना एक शिक्का, बाहेर जाताना दुसरा. दुसरा शिक्का नसेल तर हमीची रक्कम गेली.

पण ही सोय पाहुण्याची. १९६८ चा करार पाहुण्या वाहनाची व्याख्या करताना मालक त्या देशाचा रहिवासी नसावा असंच सांगतो, आणि वाहन सलग वर्षाहून जास्त राहिलं तर ते नाकारण्याची देशांना मोकळीक देतो. तिथेच घर असलेल्याने परदेशी प्लेट लावून रोज फिरायचं म्हटलं, तर विमाही साथ सोडतो. अपघात होईपर्यंत हे जाणवत नाही.

## इलेक्ट्रिकला कसला धूर!

धुराची तपासणी टळते, खिडक्या मात्र तिन्ही जागच्या जागी. उलट एक नवा प्रश्न वाढतो. ही नक्की आहे कोण?

पेट्रोलच्या स्कूटरचं वर्गीकरण सीसीवरून चटकन होतं. इलेक्ट्रिकचं मोटरच्या ताकदीवरून आणि कमाल वेगावरून होतं, आणि सीमा देशागणिक सरकतात. भारतात २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतची, ठरलेल्या अटींत बसणारी गाडी मोटार वाहनच मानली जात नाही, नोंदणीही नको. युरोपात मोपेडच्या वर्गाची हद्द ताशी ४५ किलोमीटर आणि ४ किलोवॅट. बॅटरीच्या सुरक्षेची चाचणी वेगळी, युरोपात त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १३६ क्रमांकाचा नियम आहे.

सीमा काळागणिकही सरकतात. जपानमध्ये ५० सीसीच्या छोट्या स्कूटरचा एक फार जुना वर्ग आहे. नवे धूर-नियम एवढ्या लहान इंजिनाला झेपेनात, म्हणून १ एप्रिल २०२५ पासून १२५ सीसीपर्यंतच्या, पण ताकद ४ किलोवॅटवर बांधलेल्या गाड्याही त्याच वर्गात घेतल्या. अशी स्कूटर जपानबाहेर नेली तर ती ५० सीसीच्या कुळातली की १२५च्या, हे नवा देश आपल्या मापाने ठरवणार. त्यावर तुमचं लायसन्स, विमा आणि मोठ्या रस्त्यावर जाण्याची परवानगी अवलंबून.

उभं राहून चालवायच्या ई-स्कूटरचा मामला तर आणखी निराळा. जर्मनीत २०१९ च्या नियमांनी ताशी २० किलोमीटरची मर्यादा घालून, मान्यता आणि विम्याचं स्टिकर घेऊन त्या रस्त्यावर आणल्या. ब्रिटनमध्ये खासगी मालकीच्या अशा स्कूटर कायद्याने मोटार वाहन ठरतात आणि मोटार वाहनाच्या अटी त्यांना पुऱ्या करता येत नाहीत. दुकानात विकत मिळते, रस्त्यावर चालवता येत नाही. हे हास्यास्पद आहे, पण तिथला कायदा आज असाच आहे.

## ‘एजंट म्हणतो, मी करून देतो’

चांगला क्लिअरिंग एजंट बंदरातलं काम सुकर करतो, त्याचे पैसे द्यावेत. पण मान्यता नसलेली गाडी नोंदवून देणारा माणूस नेमकं काय करतो ते विचारा. बहुधा तो अशी खिडकी शोधतो जिथे प्रश्न कमी विचारतात.

अमेरिकेत याचं ठळक उदाहरण होतं. तिथे आयातीचे नियम केंद्राचे, नोंदणी मात्र राज्यांची. व्हरमाँट राज्य जुन्या गाड्यांची नोंदणी मालकीच्या कागदाशिवाय, टपालाने, परराज्यातल्या माणसालाही करून द्यायचं. देशभरातून बिनकागदाच्या स्कूटर आणि मोटरसायकली कागदावर व्हरमाँटच्या झाल्या. २०२३ मध्ये राज्याने हे दार बाहेरच्यांसाठी लावून घेतलं. आणि मुळात राज्याची नोंदणी मिळाली म्हणून केंद्राच्या नियमांविरुद्ध झालेली आयात वैध होत नव्हतीच. चोरवाट बंद झाली की पुढच्या खरेदीदाराच्या हाती अशी आरसी राहते, जिच्यामागे काहीच नाही.

## पैसे पाठवण्याआधी

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम उलटा करा. आपण आधी स्कूटर शोधतो, मग नियम. आधी आपल्या देशाच्या नोंदणी कार्यालयाला लेखी विचारा: अमुक मॉडेल, अमुक महिन्यात बनलेलं, अमुक देशात नोंदलेलं. हिला कुठल्या वाटेने मान्यता मिळेल? लेखी उत्तर यायला वेळ लागतो. तोंडी उत्तर खिडकीवरचा माणूस बदलला की बदलतं.

मग विकणाऱ्याकडे मागा चेसिस नंबरचा जवळून काढलेला फोटो, पट्टीचा आणि सांगाड्यावर ठोकलेल्या जागेचा, दोन्हींचा. बनल्याची तारीख दाखवणारा कागद. मूळ नोंदणीपत्र, झेरॉक्स नव्हे. युरोपच्या काही देशांत नोंदणीपत्राचे दोन भाग असतात आणि विक्रेते कधी कधी एकच पाठवतात. आणि तिथली नोंदणी रद्द केल्याचा किंवा निर्यातीचा दाखला. हा नसेल तर ती गाडी कागदोपत्री अजून तिकडेच राहते, आणि एका गाडीला दोन देशांत एकदम नांदता येत नाही. आपल्या भाषेत भाषांतर लागत असेल तर ते अधिकृत भाषांतरकाराकडून. सगळ्या कागदांवर नंबर अक्षर न् अक्षर सारखा आहे का, हे बोट ठेवून वाचा. पाचच्या जागी इंग्रजी एस पडल्याने अडकलेल्या फायली असतात.

विम्याचं मात्र एक चक्र आहे. नोंदणीला विमा लागतो, विमा कंपनीला नोंदणी क्रमांक लागतो. बहुतेक ठिकाणी चेसिस नंबरवर तात्पुरता विमा काढून हे चक्र फुटतं, पण कंपनी परदेशी मॉडेल संगणकाच्या यादीत शोधते आणि ते तिथे नसतं. फोनवरच्या माणसाशी वाद घालू नका. जुन्या किंवा आयात गाड्यांचा विमा करणारा वेगळा विभाग कुठे आहे ते विचारा.

हे सगळं पार पडलं, आरसी हातात आली, की नवी नंबर प्लेट घेऊन स्कूटरपाशी जा. ती मागे बसणार नाही. प्लेटचं माप देशागणिक वेगळं असतं, आणि मागच्या मडगार्डवरची भोकं जुन्या देशाच्या मापाची असतात. एक पट्टी कापून घ्यावी लागते, आणि प्लेटवरचा छोटा दिवा नव्या प्लेटवर पडेल असा थोडा वाकवावा लागतो. तोही तपासतात.